शंभरातले दहा

मी खोटं बोलत नाही, खऱ्यात जरा हवा भरतो, असं मी आयुष्यभर सांगत आलो. खडकीतल्या आमच्या गल्लीत हवा न भरता बोलणाऱ्याला चहासुद्धा गार मिळायचा. कोपऱ्यावरच्या टपरीत दिवसाला इतका चहा उकळतो, की पावसाळ्यात मुळा नदीला येणारा पूर हा मुळात आमच्या टपरीचा असतो, हे मी एका पाहुण्याला पटवलं होतं; आणि पाहुणा पाटबंधारे खात्यातला होता. कात्रजच्या सर्पोद्यानातला अजगर मला बघून मान डोलावतो, ही बातमीही माझीच. लोक हसायचे, 'चालू द्या' म्हणायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. एकदाच बिघडलं. ते सांगायला बसलोय, आणि यात हवा भरलेली नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण त्याची मला सवय आहे.

मी लेथवर टर्नर होतो. कारखाना म्हणजे रेल्वे लाइनीपलीकडची एक पत्र्याची शेड. उन्हाळ्यात पत्रा एवढा तापायचा की मालक वर पापड भाजतो, असं मी सांगायचो. ते खोटं होतं. मालकीणबाई नुसते वाळवायच्या.

तर एकदा त्या शेडमध्ये चारशे बोल्टांची ऑर्डर आली. स्टेनलेसचे, करंगळीएवढे, आणि मापं अशी कडक की केसाची जाडीसुद्धा त्यांच्यापुढे ओबडधोबड वाटावी. माल घेणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर ड्रॉइंग देताना मालकाला म्हणाला, "क्वालिटी एकदम विमानासारखी पाहिजे बरं का." एवढंच म्हणाला. पण माझ्या कानावर एवढं पडलं तरी मला महिनाभर पुरतं. त्या दिवशी टपरीवर ते विमानाचे बोल्ट झाले. आठवड्याभरात लढाऊ विमानाचे झाले. पुढच्या पंधरवड्यात टीव्हीवर अंतराळात जाणाऱ्या एका यानाची बातमी आली आणि माझे चारशे बोल्ट जमिनीवरून उठले ते थेट त्यात जाऊन बसले.

"परदेशातलं यान आणि बोल्ट खडकीचे?" टपरीवाल्याने विचारलं.

"अहो, तिकडे लेथवर बसायला माणूस राहिलाय कुठे? सगळे कॉम्प्युटरवर."

हे त्याला पटलं, कारण हिंजवडीला नुकत्याच काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्याचा धाकटा भाऊ शेताचा नाद सोडून माउस धरायला शिकत होता.

आता काकांबद्दल सांगतो. आमच्या शेडमध्ये तपासनीस एकच होते, आणि साऱ्या गल्लीचे ते काका. माझ्या घरासमोर त्यांच्या दोन खोल्या. अंगाने किडकिडीत, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, बोलणं मोजून. त्यांच्याकडे एक पोलादी पेटी होती. तिच्यात मापं घ्यायचे गेज, मायक्रोमीटर आणि त्यांचा शिक्का. शिक्का म्हणजे बोटाएवढा पंच. टोकाला त्रिकोण, त्रिकोणात चारचा आकडा. मालाच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचा एक टोला घातला, त्रिकोण उमटला, की माल पास. मग मालकाच्या बापाचीसुद्धा त्याला नाही म्हणायची हिंमत नाही. तीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि ती चारशे बोल्टांची ऑर्डर त्यांची शेवटची. ती टेम्पोत चढली आणि काका निवृत्त झाले.

माझ्या गोष्टींना काका कधी फसले नाहीत. अजगराचं ऐकून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं होतं, "लेका, रिजेक्ट." पण यानाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी मला टपरीमागे बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "खरंच रे?"

मी गप्प राहिलो. गप्प राहून भाव वाढवायचा, ही माझी जुनी लकब.

"मी ड्रॉइंग पाहिलंय," ते आपणहून म्हणाले. "असली मापं भांड्याकुंड्यांना नसतात. मला तेव्हाच वाटलं होतं."

त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या वेळी 'नाही हो काका, गंमत केली' एवढं म्हणायला हवं होतं. माल कुठे गेला ते मला ठाऊक होतं. टेम्पोत पेट्या मीच चढवल्या होत्या. दुधाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीकडे त्या गेल्या. पण मी म्हणालो, "काका, तुमचा त्रिकोण वर जाणार."

ही एक गोष्ट त्यांनी पास केली.

यान उडालं त्या दिवशी काकूंनी गल्लीत घरोघरी शिरा वाटला. माझ्या वाटीत जास्त. यानात सात माणसं होती, त्यांत आपल्याकडची एक. तिच्यामुळे सारा देशच टीव्हीपुढे बसला होता. पण आमच्या गल्लीची गोष्ट वेगळी. आमच्या गल्लीत ते 'आपलं यान' होतं. कामाला जाणाऱ्या बाया नळावर विचारायच्या, "आपलं कुठवर आलं?" जणू मुंबईहून एसटी यायची आहे. संध्याकाळी काका गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघत उभे राहायचे. यान कुठल्या बाजूने जातं, दिसतं की नाही, त्यांना काही माहीत नव्हतं. मला विचारलं तर मी बेधडक बोट दाखवायचो. एकदा मी दाखवलेला ठिपका लोहगावच्या विमानतळावर उतरला. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेले.

परतीचा दिवस शनिवार होता. आमच्याकडची संध्याकाळ. अर्धी गल्ली काकांच्या पुढच्या खोलीत जमली होती. बाया खाटेवर, आम्ही खाली, दारात चपलांचा ढीग. मी अर्थातच टीव्हीच्या शेजारी, निवेदकाच्या जागेवर. यान कसं वळतं, कसं तापतं, चाकं कधी निघतात, सगळं मी सांगत होतो. चाकं मी आधीच्या दिवशी पेपरात वाचली होती. बाकी सगळं माझं स्वतःचं.

पडद्यावर निळं आभाळ आणि त्यात एक पांढरी रेघ. रेघेच्या दोन रेघा झाल्या. मग चार. मग पुष्कळ.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"ब्रेक लावतात असे," मी म्हणालो. "वेग फार असतो ना काकू. आधी धूर सोडतात, मग ब्रेक."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडून आयुष्यात जेवढं निघालंय, सगळं मला एकवार परत गिळायला मिळालं, तर मी बाकीचं तसंच राहू देईन, फक्त एवढं गिळेन. कारण मी ते म्हणत असताना खोलीतल्या लोकांनी मान डोलावली. दोघी-तिघी हसल्यासुद्धा. सात माणसं तिकडे संपत होती आणि आम्ही खडकीत, माझ्या भरवशावर, समाधानाने बघत होतो.

मग बातम्या वाचणाऱ्या मुलीचा आवाज बदलला. 'संपर्क तुटला' असं ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने दुसरा शब्द वापरला. खोलीत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. काकू उठल्या, आत जाऊन त्यांनी चहाखालचा गॅस बंद केला. लोक एकेक करून उठले, दारात आपापल्या चपला शोधू लागले. काका टीव्हीकडे बघत बसून राहिले. ते हातांकडे बघतायत असं मला एकदा वाटलं, पण मी नीट पाहिलं नाही. मी सगळ्यांत आधी बाहेर पडणाऱ्यांत होतो.

दुसऱ्या दिवशी आमची गल्ली अशी रडली की घरचं माणूस गेलं असतं तरी एवढी रडली नसती. सकाळी विहारात वंदना झाली. आमच्याकडची निम्मी घरं बौद्ध, काकांचं घरही त्यांतलंच. पण त्या दिवशी उरलेली निम्मी घरंही विहारात आली. सात मेणबत्त्या लावल्या, सगळे गुडघे टेकून बसले, आणि अनित्यतेची गाथा म्हणताना पुढे बसलेल्या आजींचा आवाज फुटला. त्यांनी अंतराळ म्हणजे काय ते कधी कुणाला विचारलं नव्हतं. टपरीवाल्याने पेपरातला फोटो कापून काचेच्या बरणीला चिकटवला आणि वर झेंडूची माळ घातली. त्या बरणीतली बिस्किटं मग कुणी मागेना. शाळा सोमवारी प्रार्थनेनंतर लगेच सुटली, आणि मुलं आरडाओरडा न करता घरी आली. असं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही.

आणि मी? ऐका, आता लाज सोडून सांगतो. लोक मला भेटायला आले. हो, मला. आपल्याकडे कुणी गेलं की जसं येऊन दोन मिनिटं गप्प बसतात, तसे माझ्या घरी येऊन बसले. कुणी खांद्यावर हात ठेवला. कुणी म्हणालं, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचे बोल्ट चांगलेच असणार." मी मान खाली घालून ऐकलं. बायको आत चहा टाकत होती, ती कपबशा जरा जोरातच आपटत होती. तिला माझी सगळी माहिती. सलूनमध्ये गेलो तर न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "दाढी करायची? का सुतक आहे तुम्हाला?" त्याच्या आवाजात सरळ सरळ पुणेरी खडीसाखर होती. दुसरा कुणी असता तर ओशाळून खुर्चीत बसला असता. मी म्हणालो, "आज नकोच," आणि तसाच घरी आलो. तीन दिवस दाढी वाढवली. तीन दिवस मी सात माणसांचा नातेवाईक होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

चौथ्या दिवशी काकू आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"जरा येतोस का? हे जेवत नाहीयेत."

"काका मनाला लावून घेतायत. सगळ्यांनीच—"

"सगळे जेवतायत," काकू म्हणाल्या. "तू पण जेवलेला दिसतोस."

मी गेलो. काका खाटेवर बसले होते, पुढ्यात पोलादी पेटी उघडी. गेज, मायक्रोमीटर, पंच, सगळं स्वच्छ पुसून फडक्यावर ओळीने मांडलेलं. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं.

"तिकडे तुकडे गोळा करतायत," ते म्हणाले. "पेपरात आलंय. शेतांतून, रानांतून. त्यात माझा शिक्का सापडेल. सापडला की विचारत विचारत येतीलच."

"कोण येईल काका?"

"ज्यांचं काम आहे ते. आले की हे सगळं दाखवायचं. गेज बरोबर आहेत. गेजात चूक नाही." मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी शंभरातले दहाच तपासायचो."

हे मला नवं नव्हतं. शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळीकडे असंच करतात. शंभर नगांची पेटी आली की कुठलेही दहा उचलायचे, त्यांना गेज लावायचं. दहा बरोबर निघाले की पेटी पास, आणि मग शंभरच्या शंभर डोक्यांवर शिक्का. प्रत्येकाला गेज लावत बसलं तर माल दिवाळीलासुद्धा निघणार नाही. कायदाच तसा आहे, पुस्तकातच तसं लिहिलंय.

"काका, पद्धतच आहे ती."

"पद्धत आहे रे. पण चारशेंतल्या चाळिसांना मी गेज लावलं आणि चारशेंवर त्रिकोण मारला. तीनशे साठ मी बघितलेच नाहीत. माणसं आत बसणार आहेत हे मला माहीत असतं, तर चारशे बघितले असते. एकेक. निवृत्ती पुढे ढकलून बघितले असते." ते फडक्यावरचा पंच सरळ करत होते, तो सरळच होता. "आणि तू सांगितलंस तेव्हा मला आनंद झाला. ते तीनशे साठ तेव्हा आठवले नाहीत. आनंद झाला, शिरा वाटला."

मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता, न घटवता, सरळ सांगितलं. म्हणालो, "काका, ते बोल्ट यानात गेलेच नाहीत. मी थाप मारली. दुधाच्या मशिनींसाठी गेले. टेम्पोत मी चढवले."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांना माझी दया आली.

"लेका, चांगला आहेस तू," ते म्हणाले. "पण मला बरं वाटावं म्हणून नको बोलूस खोटं."

"आईशपथ, काका!"

"अजगराच्या वेळीसुद्धा आईचीच घेतली होतीस."

घेतली होती. आत काकूंनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. त्या मोरीपाशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता खरं बोलतोयस ना? मला कळतंय. पण मला कळून काय उपयोग?"

मग मी पुरावा शोधायला लागलो. माझ्यासारख्या माणसाने पुरावा शोधायचा म्हणजे मांजराने उपास धरण्यासारखं, पण धरला. मालकाला विचारून माल कुणाकडे गेला ते काढलं, त्या कंपनीला विचारून यंत्रं कुठे गेली ते काढलं, आणि दोन आठवड्यांनी एक डेअरी सापडली. नाव सांगत नाही, त्यांचं दूध चांगलं आहे आणि ते माझ्या नादाला न लागलेलेच बरे. काकांना स्कूटरवर मागे बसवून मी तिथे घेऊन गेलो. पेटी त्यांनी मांडीवर धरली होती.

तिथल्या मेकॅनिकला मी आधीच सगळं समजावून ठेवलं होतं. भला माणूस. दुधाच्या पंपावर एक गोल झाकण होतं, त्यावर आठ बोल्ट. त्याने फडक्याने पुसून दाखवले. आठही डोक्यांवर त्रिकोण, त्रिकोणात चार.

काका वाकले. चष्मा वर करून बघितलं, मग खाली करून बघितलं. एका बोल्टावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं. आत दूध वाहत होतं, त्याची थरथर त्यांच्या बोटात येत असणार.

"माझाच आहे," ते म्हणाले.

"मग झालं तर!" मी जवळजवळ ओरडलो. "दुधाच्या मशिनीत आहेत काका! यानात नाहीत!"

"आठ इथे आहेत," काका सरळ होत म्हणाले. "चारशेंतले आठ. बाकीचे?"

"बाकीचेही असेच कुठे कुठे—"

"आठ बघून चारशेंचं बोलायचं नाही," ते म्हणाले. "जन्मभर तेच केलं मी."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. डेअरीवाल्यांनी आम्हाला एकेक पेला ताक दिलं. काकांनी ते उभ्यानेच घेतलं, आभार मानले, आणि पेटी मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसले.

महिना झाला, दोन झाले. क्रिकेटचे सामने आले आणि गल्ली त्यात बुडाली. टपरीवरच्या बरणीची माळ सुकली, फोटो वाफेने पिवळा पडला, आणि एक दिवस बिस्किटं पुन्हा खपू लागली. यात कुणाचा दोष नाही. परक्या माणसांसाठी माणूस किती दिवस रडणार? आमची गल्ली तर आठ दिवस रडली, तेच मला खूप वाटतं. पण एका घरात कुणी रडलंही नव्हतं आणि विसरलंही नव्हतं.

काका वाट बघत होते. गल्लीत अनोळखी माणूस शिरला, पायात बूट, हातात फाइल, की ते उठून दारात उभे राहायचे. एकदा विजेचं मीटर तपासायला एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत वही. त्याने नुसतं विचारलं, "मीटर कुठाय?" काका पेटी उचलून पुढे झाले. "या. मीच तो. गेज बघून घ्या, गेजात चूक नाही. मी फक्त दहा तपासायचो."

तो माणूस गोंधळला. त्याला वाटलं विजेच्या चोरीचं काही असावं. म्हणाला, "आजोबा, कशातले दहा?" काकूंनी धावत येऊन त्याला मीटर दाखवलं. नंतर त्या माझ्या दाराशी आल्या. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत.

"तुझ्या गोष्टी ऐकून मी किती हसलेय रे," म्हणाल्या. "अजगराचं तर माहेरी जाऊन सांगितलं होतं."

त्या दिवसापासून टपरीवर मी गप्प बसू लागलो. लोकांना वाटलं माझं पोट बिघडलंय.

गणपतीच्या आधीचे दिवस होते, चौकात मांडवाचे बांबू रोवत होते, तेव्हा पेपरात ती बातमी आली. तिकडची चौकशी पूर्ण झाली होती. मी पेपर घेऊन चपला न घालता समोर पळालो.

काकांनी भिंग मागितलं. बातमी चार रकान्यांची, पण ते तासभर वाचत होते. उडतानाच इंधनाच्या मोठ्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला, पंखाच्या कडेवर आपटला, तिथे भोक पडलं. परत येताना त्या भोकातून आग आत गेली. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी भिंतीला टेकून उभा होतो. काकू मोरीपाशी.

"बोल्टाचं नाव नाही कुठे," ते म्हणाले.

"नाही काका."

"तुकडे तपासले कसे, ते दिलंय?"

"खाली दिलंय बघा. माणसं ओळी धरून शेतांतून चालली. सापडलं ते उचललं. मग एका मोठ्या शेडमध्ये जमिनीवर सगळं मांडलं, यानाच्या आकारात, ज्याचा तुकडा त्याच्या जागी."

"सगळं?"

"सापडलं ते सगळं."

"त्यातले थोडे घेऊन नाही?"

"नाही काका. एकेक."

काकांनी भिंग खाली ठेवलं. पेपराची घडी घातली, घडीवरून हात फिरवला. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "एकेक बघितलंय तर बरोबर आहे." आणि मग ते रडले. आवाज न करता, ताठ बसून. सदऱ्याचं वरचं बटण तेवढं त्यांनी हाताने चाचपडत उघडलं. सहा महिन्यांनी, सगळा देश गप्प झाल्यावर, खडकीतल्या एका खोलीत एक म्हातारा माणूस त्या सात जणांसाठी रडत होता. काकू पुढे आल्या, पण त्यांनी हात लावला नाही. काकाच म्हणाले, "तेव्हा रडलो असतो तर ते सोंग झालं असतं गं. ज्याच्या हातून झालं, त्याने कसलं रडायचं?"

बाहेर बांबू ठोकणारी पोरं एकमेकांना हाका मारत होती. काकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"सातही जण एकाच वेळी गेले असतील का रे?"

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. खरं सांगतो, तयार आलं होतं, चांगलं, दिलासा देणारं, बारकाव्यांसकट.

"माहीत नाही काका," मी म्हणालो.

"त्यांना कळलं असेल?"

"माहीत नाही."

"पोरंबाळं असतील घरी. टीव्हीपुढे बसली असतील आपल्यासारखीच." मग, "त्यांना कोण सांगत असेल, तिकडे काय चाललंय ते?"

माझी नजर टीव्हीशेजारच्या त्या माझ्या जागेवर गेली. काकांनी ते पाहिलं. त्यांनी पेटीचं झाकण लावलं, ती खाली ठेवली, आणि खाटेवर थोडे भिंतीकडे सरकले.

"बस," ते म्हणाले.